पंचावन्नच्या पुढची थरथर

महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी साडेसहाला मी गाडीच्या मागच्या सीटवर मधोमध बसायचे आणि सांगली येईपर्यंत तिथून हलायचे नाही. हलायला जागाच नसे. डावीकडं खिडकीशी आक्का, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली विधवा बहीण. उजवीकडं आक्कांचा वॉकर, दोन पिशव्या आणि पाण्याचा कॅन. पुढं ड्रायव्हरशेजारी सासूबाई, कारण त्यांना गाडी लागते. मागं बसल्या तर उंब्रजच्या आत उलटी ठरलेली. चालवायला सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या, तेव्हा इथून पुढं मीही तसंच म्हणते. नवरा मात्र मामांना आप्पा म्हणतो.

गाडी माझ्या जन्माच्या आधीची. गोल पाठीची, सायीच्या रंगाची. फौजेतून रिटायर झाल्यावर मामांनी ती एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडून घेतली आणि तेव्हापासून तिला शक्यतो स्वतःशिवाय कुणाचा हात लागू दिला नाही. फौजेत त्यांचं आयुष्य गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेलं. या जुन्या गाड्यांत इंजिन पुढं असतं आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणून पुढून मागपर्यंत एक लांब लोखंडी शाफ्ट गाडीच्या पोटाखालून फिरतो, आणि त्याला जागा मिळावी म्हणून आत पायाखालच्या पत्र्याला लांबलचक उंचवटा काढलेला असतो. मधे बसणाऱ्यानं एक पाय उंचवट्याच्या अलीकडं, एक पलीकडं ठेवायचा. गुडघे पोटाशी येतात. उजवीकडचं मागचं दार आतून उघडत नसे. डावीकडून उतरायचं तर आधी आक्का उतरायला हव्यात, आक्कांना उतरायला वॉकर हवा, आणि वॉकर माझ्या उजवीकडं, वरती दोन पिशव्या. मी एकदा लघवीसाठी कराडपासून आष्ट्यापर्यंत कळ काढली, पण गाडी थांबवा म्हणाले नाही.

आक्कांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती आणि दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. साताऱ्यात डोळ्यांचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण सांगलीचे डॉक्टर पूर्वी फौजेत होते, आणि मामांच्या लेखी तिथं विषय संपला. माझा नवरा कुपवाडला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, तिथंच खोली घेऊन राहतो, शनिवारी साताऱ्याला येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. त्यामुळं बुधवारच्या गाडीत तो कधीच नसे. त्याच्या मेससाठी मात्र आमच्या माण तालुक्यातल्या रानातल्या ज्वारीचं नाहीतर बाजरीचं पोतं डिकीत असे.

मी पूर्वी नोकरी करत होते. साताऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात नऊ वर्षं होते. आक्का पडल्या, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आमच्याकडं राहायला आल्या, तेव्हा ती सुटली. कुणी सोड म्हणालं नाही. सगळे फक्त "आता कसं करायचं?" म्हणत राहिले आणि म्हणताना माझ्याकडं बघत राहिले. तिसऱ्या आठवड्यात मी राजीनामा लिहिला.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या खेपेला मामा शेंद्र्याच्या पुढं म्हणाले, "कायतरी थरथरतंय."

आत्या म्हणाल्या, "रस्ता उकरून ठेवलाय की समदा."

"रस्त्याचं न्हाई. पंचावन्नच्या फुडं काटा गेला की सुरू हुतंय."

मला ते कळलं होतं. त्या उंचवट्यावर माझ्या दोन्ही पोटऱ्या टेकलेल्या असायच्या. पंचावन्नला पत्रा गुणगुणायला लागायचा, साठला ती गुणगुण मांड्यांपर्यंत यायची. मी काही बोलले नाही. मागच्या सीटवरून गाडीबद्दल बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

पुढचे तीन महिने गाडीचं सगळं बघून झालं. टायरवाल्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं. अलाइनमेंट झालं. पुढची दोन टायरं मागं आणि मागची पुढं झाली. इंजिनखालची रबरं बदलली. प्रत्येक वेळी गॅरेजवाला एकटा चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "काका, काहीच नाही हो." मामा स्वतः एकटे कासच्या रस्त्याला जाऊन यायचे आणि गोंधळून परत यायचे, कारण तेव्हा त्यांनाही काही जाणवायचं नाही. आणि बुधवारी सगळे बसून हायवेला लागलो की ते परत सुरू व्हायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी नवऱ्यानं किल्ली मागून घेतली. एकटाच गेला, नागठाण्यापर्यंत जाऊन आला. मामा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आत्या तांदूळ निवडत होत्या, मी तुळशीजवळ कपडे वाळत घालत होते. तो उतरला आणि दार लावून म्हणाला, "ऐंशीनं चालवली. मख्खन आहे."

"अरं, पंचावन्न ते पासष्टमधी..."

"सगळ्या स्पीडला चालवली आप्पा." मग त्यानं मामांच्या मांडीकडं बोट केलं. "गाडी नाही थरथरत. तुमचा हात थरथरतोय."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. मामांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांवर घासल्यासारखा हलत होता, तंबाखू मळताना हलतो तसा. हातात तंबाखू नव्हती. मामांनी डावा हात त्यावर ठेवला.

"मी चार-पाच महिने बघतोय," नवरा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्यालाही ते बोलणं जड जात असावं. "डॉक्टरला दाखवू. आणि गाडी आता विकूया. एक जण पुण्याचा विचारतोय, जुन्या गाड्या गोळा करतो. आक्काला न्यायला भाड्याची गाडी करू, नाहीतर इथलाच डॉक्टर बघू."

मामांनी माझ्याकडं बघितलं. का बघितलं कुणास ठाऊक, कदाचित मी समोर होते म्हणून. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की, गाडी थरथरते, माझ्या पायांना लागतं. मी टॉवेल झटकला आणि दोरीवर टाकला.

मी गप्प का बसले ते मला नीट माहीत आहे. गाडी विकली असती तर माझा बुधवार सुटला असता. भाड्याच्या गाडीत आक्का, आत्या आणि मामा मावले असते, मला घरी राहता आलं असतं. एक दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकामं घर. तीन वर्षांत असा दिवस मला मिळाला नव्हता, आणि तो एका माणसाच्या हाताच्या बदल्यात मिळत होता.

पुढच्या बुधवारी पुण्याच्या माणसाला अजून उत्तर दिलेलं नव्हतं, म्हणून आम्ही त्याच गाडीनं निघालो. मामांनी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. मागून ट्रक, एसटी, उसाचे ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न मारून पुढं जात होते. आत्यांनी दोनदा विचारलं, "आवं, आज काय झालंय?" मला मागून मामांची मान दिसायची. ते रस्त्याकडं बघायचे, मग खाली स्वतःच्या हाताकडं, मग परत रस्त्याकडं. सत्तर ओलांडलेला, हजारो मैल डोंगरात फौजेचे ट्रक चालवलेला माणूस आपलाच हात चोरून बघत होता. आक्का झोपल्या होत्या, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. वॉकरचा दांडा बरगडीत. उन्हं वर आली होती आणि माझ्या बाजूला खिडकी नव्हती. मला श्वास पुरेना. मी डोळे मिटले आणि अंतर मोजायला लागले, तर अजून कराडसुद्धा आलं नव्हतं.

पेठ नाक्यावर मामांनी चहाला गाडी थांबवली. आत्या आणि आक्का गाडीतच बसल्या. मामांनी बाहेरून माझं दार उघडलं, पिशव्या आणि वॉकर काढून घेतला. मी त्यांच्यासोबत टपरीपाशी उभी राहिले. कप डाव्या हातात धरून ते म्हणाले, "पोरी, तू मधी बसतीस. तुला कवा काय लागतंय का?"

"लागतं मामा," मी म्हणाले. "पायांना लागतं. पहिल्यापासून."

त्यांनी कप टपरीच्या फळीवर ठेवला. "खरं सांगतीस? का म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून?"

"पंचावन्नला सुरू होतं, साठला जास्त होतं. आज नाही लागलं, कारण आज तुम्ही चाळीसच्या वर गेलाच नाही."

ते रस्त्याकडं वळले. मग म्हणाले, "मग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. "चुकलं," एवढंच म्हणाले. उरलेला चहा मामांनी मातीत ओतला.

गाडीकडं जाताना मीच म्हणाले, "मामा, साठला गेल्यावर एकदा न्यूट्रल करून बघता का? इंजिन ढिलं पडल्यावरही लागतंय का बघू."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असलं काही बोलले नव्हते. "बस," ते म्हणाले.

आष्ट्याच्या अलीकडं रस्ता मोकळा होता. त्यांनी साठला नेली. गुणगुण सुरू झाली. न्यूट्रल केलं, इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, गाडी आपल्या वेगानं पळत राहिली आणि माझ्या पायाखालचा पत्रा तसाच गुणगुणत राहिला.

"लागतंय?"

"लागतंय. तेवढंच."

"म्हंजे इंजनाचं न्हाई." मग त्यांनी त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. "आता?"

"तसंच आहे. आणि मामा, चाकाचंही नसावं. चाकाचं असतं तर धडधड अशी मोजता आली असती. हे मोजता येत नाही, फार बारीक आहे. चाकापेक्षा जोरात काहीतरी फिरतंय, ते आहे."

"शाफ्ट," मामा म्हणाले.

"हो."

"आता ह्या दोघांनी मधीच काय काढलंय?" आत्या म्हणाल्या. "मला मळमळतंय. नीट चालवा."

आणि मग मला तेही कळलं, की गॅरेजवाल्यांना, नवऱ्याला, एकट्या मामांना ते का सापडत नव्हतं. आम्ही सगळे बसलो आणि डिकीत पोतं टाकलं की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. मागचा भाग बसला की शाफ्टचा कोन बदलतो. रिकाम्या गाडीत दोष होताच, पण तो दिसायला आमचं वजन लागत होतं.

आक्कांच्या डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी होईपर्यंत, मग नंबर लागेपर्यंत, इंजेक्शन, मग तासभर पडून राहणं, असे तीन-चार तास दवाखान्यात जायचे. आत्यांना आक्कांपाशी बसवलं. मामा आणि मी कुपवाडला गेलो. मामांच्या ओळखीचे कुणी नव्हते. विचारत विचारत एका शेडमध्ये पोचलो, तिथं फक्त शाफ्टची कामं चालायची. मिस्त्री साठीचे, चष्म्याला दोरी बांधलेले. त्यांनी गाडी उचलून मागची चाकं अधांतरी फिरवली, शाफ्टला हात लावून बघितला आणि मान हलवली.

"आण्णा, काय न्हाई ह्याच्यात. क्रॉस चांगलेत, सांध्यात खेळ न्हाई."

"अशी लटकवून नाही कळणार," मी म्हणाले. "चाकं जमिनीवर ठेवून, मागं वजन टाकून बघावं लागेल. वजन असलं की मगच होतं."

मिस्त्रींनी मामांकडं बघितलं, बाईंना बोलू द्यायचं का, अशा नजरेनं. मामा म्हणाले, "ती म्हनंल तसं करा."

शेडमध्ये खाली उतरून काम करायचा खड्डा होता. गाडी खड्ड्यावर घेतली. डिकीत पोतं होतंच; शेडमधले दोन कामगार हसत मागच्या सीटवर जाऊन बसले. मिस्त्री खड्ड्यात उतरायला लागले, तशी मी म्हणाले, "मी येते." साडीचा पदर खोचला आणि तीन लोखंडी पायऱ्या उतरले. खड्डा अरुंद, वर गाडीचं काळं पोट, तेलाचा वास. आश्चर्य म्हणजे तिथं मला गुदमरलं नाही.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन-दोन कान असतात, त्यांत तो अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस बसतो. शाफ्टचा एक तुकडा दुसऱ्यात दातांवरून सरकतो, त्यामुळं तो उघडून परत बसवता येतो. पण बसवताना पुढच्या टोकाचे कान आणि मागच्या टोकाचे कान एका रेषेत यायला हवेत. एक दात जरी इकडंतिकडं झाला तरी कान तिरके होतात, आणि कोन वाढला की शाफ्ट थरथरतो. कंपनीत नऊ वर्षं मी हेच कान बघितले होते. दिवसाला शेकडो. मोबाईलचा उजेड आधी पुढं मारला, मग मागं. परत पुढं. मिस्त्री शेजारी वाकून बघत होते. मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "आयला."

"एक दात," मी म्हणाले.

"एक दात," ते म्हणाले. "वैनी, तुमी काय करता?"

"घरीच असते."

चार बोल्ट काढायचे, शाफ्ट ओढून घ्यायचा, एक दात फिरवून परत बसवायचा. अर्ध्या तासाचं काम. मिस्त्री वर येऊन हात पुसत मामांना म्हणाले, "आण्णा, सापडलं. कुणी बसवला हुता ह्यो शाफ्ट? कुठल्या शिकाऊ माणसानं हात घातला?"

मामा स्टुलावर बसले होते. मी खड्ड्याच्या शेवटच्या पायरीवर होते, मला त्यांचा चेहरा दिसला आणि मला कळलं. मी घाईघाईनं म्हणाले, "मागं एका गॅरेजला..."

"मी बसवला," मामा म्हणाले.

मिस्त्रींनी फडकं खिशात कोंबलं. "हुतंय आण्णा. खूण पुसली की भल्याभल्यांचं हुतंय," म्हणाले आणि पाना घेऊन खाली उतरले.

मी मामांच्या शेजारी एका उलट्या डब्यावर बसले. ते माझ्याकडं न बघता बोलत होते. मागच्या पावसाळ्यात आम्ही सगळे कराडला लग्नाला गेलो होतो, ते गेले नव्हते. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं, म्हणून त्यांनी शाफ्ट उतरवला. शाफ्टवर खडूनं खूण केली होती. परत चढवताना ते गाडीखाली उताणे झोपले होते, शाफ्ट दोन्ही हातांनी वर धरलेला, आणि उजवा हात ऐकेना. हात हलतो हे त्यांना तेव्हा जवळपास वर्षभर माहीत होतं. शाफ्ट निसटला आणि छातीवर पडला.

"उचलना," ते म्हणाले. "हात नुसता हालतोय, उचलना. हाका माराव्या तर घरात कोन न्हाई. शेजारच्याला हाक मारली असती, पर त्यो येऊन बघनार, की सुभेदार गाडीखाली अडकून पडलाय. तसाच पडून ऱ्हायलो. अर्धा तास का तास, म्हाईत न्हाई. गाडीचं पोट नाकाफुडं. मग डाव्या हातानं रेटत रेटत कसातरी बसवला. तोवर खूण तेलानं पुसली हुती. तुमी यायच्या आत सपवायचं हुतं. बघितलं न्हाई."

बरगड्यांचा निळा डाग त्यांनी पंधरा दिवस बनियनखाली लपवला होता. आत्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"म्हंजे गाडीबी थरथरती आनि हातबी थरथरतो," ते म्हणाले. "दोन्ही खरंच हाय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला असता, पण सुनेनं सासऱ्याच्या हातावर हात ठेवायची आमच्याकडं रीत नाही. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती डाव्या हातानं घेतली.

परतताना आक्कांच्या डोळ्याला पट्टी होती. पेठ नाका सोडला, गाडी हायवेला लागली. पन्नास. पंचावन्न. साठ. माझ्या पायाखाली काहीच नव्हतं. पत्रा गप्प होता. पोतं कुपवाडला उतरवलं होतं, म्हणून मी मुद्दाम पेठ नाक्यावर पाण्याचे तीन मोठे कॅन भरून डिकीत ठेवायला लावले होते, नाहीतर खरं-खोटं कळलं नसतं. आत्या म्हणाल्या, "आज गाडी गुमान चाललीय." मामांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा काही क्षण तरुण दिसला. मग त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून मांडीवर आला आणि मी तो बघितला. गाडी थरथरत नव्हती, त्यामुळं हात जास्तच दिसत होता. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

उंब्रजच्या पुढं त्यांनी गाडी डावीकडं घेतली आणि उभी केली. खाली उतरले, मागचं दार उघडलं, वॉकर बाहेर काढला.

"ये," म्हणाले. "फुडं ये. तुझ्याकडं लायसन हाय न्हवं?"

लायसन होतं, लग्नाआधीचं. चालवून दहा वर्षं झाली होती. आत्या घाबरून म्हणाल्या, "आवं, येडं झालाय का?" मामा माझ्या जागी मधे बसले, उंचवट्याच्या दोन बाजूंना पाय टाकून, वॉकर उजवीकडं. मी क्लच इतका घाबरत सोडला की गाडी दोनदा बंद पडली. पंचेचाळीसनं साताऱ्याला आणली. सगळ्या वाटेत ते एकदाही काही शिकवायला आले नाहीत.

पुढच्या रविवारी नवऱ्याबरोबर मामा डॉक्टरकडं गेले, मीही गेले. डॉक्टरांनी बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. अक्षर ओळीच्या शेवटाकडं बारीक बारीक होत गेलं. कंपवात आहे म्हणाले. "कधीपासून?"

नवरा म्हणाला, "चार-पाच महिने झाले असतील."

"दीड वर्स," मामा म्हणाले. आणि मग तिथंच, डॉक्टरांसमोर, त्यांनी शाफ्टचं सगळं सांगितलं. छातीवर पडला तेही. शेवटी म्हणाले, "गाडी थरथरत हुती. तुला खोटं वाटलं, पर थरथरत हुती. हिनं शोधलं." नवरा खाली बघत होता. बाहेर आल्यावर त्यानं मामांच्या चपला पुढं सरकवून ठेवल्या आणि म्हणाला, "मला हाक मारायची होती आप्पा." मामा म्हणाले, "तू लग्नात हुतास की."

गोळ्यांनी हात थोडा थांबलाय. गाडी विकली नाही. पुण्याच्या माणसाचे फोन येऊन येऊन बंद झाले. मामा आता चालवत नाहीत; मी चालवते. लोकांना वाटतं माझं बरं झालं. भाजीवाली म्हणते, बाई आता मोटार चालवते. खरं म्हणजे पूर्वी महिन्यातून एक बुधवार होता, आता मामांची तपासणी, आत्यांचा दात, माणला रानात खेप, चुलत्यांच्या घरचं बारसं, सगळ्याला मी. पूर्वी मला कुणी विचारत नव्हतं. आता सगळे विचारतात, "उद्या नेशील का?" आणि नाही म्हणायला जागा ठेवत नाहीत.

गेल्या महिन्यात कंपनीतल्या जुन्या साहेबांना मी स्वतः फोन केला. जागा आहे म्हणाले, या. मी आठ दिवस घरात बोलले नाही. मग बुधवारी बोलले, कारण बुधवारी सगळे गाडीत असतात, दारं बंद असतात आणि उठून आत जायला कुणाला जागा नसते. तासवड्याचा टोलनाका गेल्यावर म्हणाले, "मला परत कामाला जायचंय. पहिल्या तारखेपासून."

आक्का जाग्या होत्या, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. मामा मागं मधे होते, ते पुढच्या काचेतून रस्ता बघत राहिले. मी काटा बघत होते, पासष्टवर होता. मग आत्यांनी लिंबाचा वास घेतला, लिंबू रुमालात गुंडाळलं आणि विचारलं, "बुधवारची सुट्टी देत्यात का तिथं?"

"विचारते," मी म्हणाले.